बार्शीचा पडताळा

इ. स. १८४२ मध्ये इटलीतील डोमेनिको रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने व्हेरोना शहराच्या ऐंशी वर्षांच्या मृत्युनोंदी चाळल्या. गर्भाशयाच्या कर्करोगाला बळी पडलेल्यांत विवाहिता आणि विधवा पुष्कळ होत्या. मठांतील संन्यासिनी मात्र क्वचितच आढळत होत्या. वैवाहिक जीवनाशी या व्याधीचा काही संबंध असावा, एवढे त्यावरून उघड झाले. तो संबंध नेमका कोणता, हे कळण्यास आणखी एकशे चाळीस वर्षे लागली. १९८३ मध्ये जर्मनीत हॅराल्ड त्सूर हाउसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार शोधून काढला. पुढल्याच वर्षी अठरावा सापडला. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्यांच्या ठायी तो ठाण मांडून बसतो, त्यांना पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग जडण्याचा धोका असतो. वैऱ्याने इतकी दीर्घ मुदत द्यावी, असे रोग फार थोडे.

सधन देशांनी या मुदतीचा लाभ विषाणू सापडण्यापूर्वीच उठविला होता. जॉर्ज पापानिकोलाउ यांनी दाखविलेल्या पद्धतीने गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाच्या, आणि ही तपासणी ठराविक वर्षांनी पुन्हा पुन्हा करावयाची, असा तो उपाय होता. फिनलंडने १९६३ पासून त्याची देशव्यापी योजना चालविली व तेथील मृत्यू झपाट्याने घटले. परंतु या उपायाला प्रयोगशाळा हवी, काचपट्टी वाचणारी तरबेज नजर हवी, आणि स्त्रीला पुन्हा पुन्हा बोलावून आणणारी व्यवस्था हवी. गरीब देशांत यांतले काहीच हाताशी नव्हते.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गर्भाशयमुखाचा कर्करोग हाच तेथील स्त्रियांत सर्वांत अधिक आढळला, आणि रुग्ण येत ते बहुधा व्याधी पुष्कळ पुढे गेल्यावर. अंगावरून जाणे, अवेळी रक्तस्राव होणे, या गोष्टी घरातही उच्चारावयाच्या नसतात, असा रिवाज होता. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन ही लक्षणे समजावून सांगू लागले, तेव्हा काही वर्षांतच स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत येऊ लागल्या. केवळ बोलण्याने एवढे साधले, ही गोष्ट लहान नव्हे.

याच भूमिकेवर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग आरंभिला गेला. त्या काळी जागतिक बँक भारताची गणना अल्प उत्पन्नाच्या देशांत करीत असे. रंगास्वामी शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील त्यांचे सहकारी यांनी ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांच्या बावन्न समूहांनुसार चार गट पाडले. एका गटाला विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशीतपासणी, तिसऱ्याला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्याला केवळ माहिती व नेहमीची उपलब्ध सेवा. प्रत्येक तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणुचाचणीच्या गटात १२७ स्त्रियांना कर्करोग आढळला, पण त्यांतील ३९ जणींचाच दुसऱ्या वा त्यापुढील अवस्थेत गेलेला होता. चौथ्या गटात ११८ जणींना तो झाला आणि त्यांतील ८२ जणींचा तसा पुढे गेलेला होता. मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी या प्रयोगात मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाही.

हे ६४ मृत्यू केवळ आकडा नव्हेत. ज्यांची तपासणी झाली नाही अशा स्त्रियांना तुलनेसाठी बाजूला ठेवणे न्याय्य होते काय, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तपासणी त्या जिल्ह्यात एरवीही कोणाला मिळत नव्हती, हे उत्तर खरे आहे. पण त्याने समाधान होत नाही.

बार्शीचे नाव पुन्हा एकदा पुढे आले ते लसीच्या संदर्भात. २००९ मध्ये देशातील अनेक केंद्रांवर, आणि त्यांत बार्शीतही, दहा ते अठरा वर्षांच्या मुलींना लशीच्या दोन की तीन मात्रा पुरेशा होतात हे पाहण्याचे काम सुरू झाले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीचे प्रयोग थांबविले आणि कित्येक हजार मुली एकाच मात्रेवर राहिल्या. अपघाताने बनलेल्या या गटाची वर्षानुवर्षे तपासणी झाली. सोळाव्या व अठराव्या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून त्या एका मात्रेनेही जवळजवळ तितकेच संरक्षण दिल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा देण्यास मान्यता दिली, ती देताना हा पुरावाही समोर होता. ज्या देशांना तीन मात्रांचा खर्च झेपत नव्हता, त्यांचा मार्ग त्यामुळे पुष्कळ सुकर झाला.

लस मुलींकरिता आहे. त्यांच्या आयांना तपासणीच हवी. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षे वयाच्या ज्या स्त्रियांनी या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतली होती, त्यांचे प्रमाण शेकडा १.९ भरले.