फुगवता येणारे अंतराळ निवासस्थान

फुगवता येणारे अंतराळ निवासस्थान म्हणजे पृथ्वीवरून घडी घालून नेलेले आणि अंतराळात पोहोचल्यावर आतील हवेच्या दाबाने पूर्ण आकाराला येणारे, माणसांच्या वास्तव्यासाठी किंवा कामासाठी बनवलेले दालन होय. त्याची भिंत धातूच्या पत्र्याची नसून बळकट कृत्रिम धाग्यांच्या अनेक पदरी कापडाची असते. प्रक्षेपणाच्या वेळी कमी जागा व्यापून अंतराळात अधिक जागा मिळवणे, हा या रचनेचा मुख्य हेतू आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला २०१६ पासून जोडलेले 'बीम' हे दालन या प्रकारचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण आहे.

गरज

अंतराळ स्थानकाचे प्रत्येक दालन अग्निबाणातून वर न्यावे लागते. त्यामुळे धातूच्या दालनाचा व्यास हा अग्निबाणाच्या टोकावरील आच्छादनाच्या किंवा अंतराळयानाच्या मालकक्षाच्या व्यासाने मर्यादित होतो. स्पेस शटलच्या मालकक्षाचा व्यास सुमारे ४.६ मीटर होता. परिणामी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची शटलमधून नेलेली मुख्य दालने सुमारे साडेचार मीटरपेक्षा कमी व्यासाची आहेत.

कापडी दालनाला ही मर्यादा केवळ प्रवासापुरतीच लागू असते. दंडगोलाची लांबी तीच ठेवून व्यास दुप्पट केल्यास त्याचे घनफळ चौपट होते. म्हणून वर पोहोचल्यावर व्यास वाढवता आला, तर एकाच उड्डाणात कितीतरी मोठी जागा उपलब्ध होते. मंगळाच्या प्रवासासारख्या अनेक महिन्यांच्या मोहिमेत ही जागा चैनीची बाब ठरत नाही. अन्न, पाणी, व्यायामाची साधने आणि प्रत्येकाला थोडासा एकांत यांसाठी ती आवश्यक असते.

कार्यतत्त्व

अंतराळात बाहेर जवळजवळ निर्वात पोकळी असते आणि आत माणसाला श्वास घेता येईल इतकी हवा लागते. समुद्रसपाटीवरील हवेइतका, म्हणजे सुमारे १०१ किलोपास्कल दाब आत ठेवला, तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टन वजनाइतका जोर बाहेरच्या दिशेने पडतो. दंडगोलाकार दालनात भिंतीवरील ताण त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. आठ मीटर व्यासाच्या दालनाच्या भिंतीत, दर मीटर रुंदीच्या पट्ट्याला, परिघाच्या दिशेने सुमारे ४० टन वजनाइतका ताण सहन करावा लागतो. मोठ्या आकाराची ही किंमत आहे. ती चुकवण्यासाठी पोलादापेक्षा वजनाच्या मानाने कितीतरी बळकट असलेले केवलार आणि व्हेक्ट्रान यांसारखे धागे वापरले जातात.

'फुगवता येणारे' या शब्दामुळे रबरी फुग्याची आठवण होते, परंतु हे साम्य फसवे आहे. फुग्याचे रबर ताणले जाते आणि पातळ होत जाते. निवासस्थानाचे कापड मात्र ठरलेल्या आकारापर्यंत उलगडते आणि तेथे थांबते. सायकलच्या चाकाचा दाखला येथे अधिक योग्य ठरतो. चाकातील ट्यूब हवा धरून ठेवते, पण तिच्यावर येणारा जोर टायर पेलतो. त्याचप्रमाणे या दालनात हवा कोंडून ठेवणारे अस्तर आणि ताण पेलणारे विणीचे आवरण हे दोन वेगळे भाग असतात. अस्तर मुद्दाम आवरणापेक्षा किंचित मोठे शिवलेले असते, जेणेकरून त्याच्यावर ताण येऊ नये.

अंतराळवीराचा पोशाखही याच तत्त्वावर चालतो. त्या अर्थाने तो एका माणसापुरते फुगवलेले निवासस्थानच आहे.

भिंतीची रचना

आधुनिक दालनाची भिंत आतून बाहेर साधारणपणे पुढील स्तरांची बनलेली असते:

• आतील अस्तर: आगीला आणि घासण्याला दाद न देणारे कापड.
• हवाबंद स्तर: हवा बाहेर जाऊ न देणाऱ्या पातळ, लवचीक पटलांचे थर. एक फाटल्यास दुसरा उपयोगी पडावा म्हणून ते एकाहून अधिक ठेवतात.
• ताण पेलणारा स्तर: केवलार किंवा व्हेक्ट्रानच्या पट्ट्यांची वीण.
• उल्काकणांपासूनचे कवच: सिरॅमिक धाग्यांचे कापड आणि फोम यांचे एकाआड एक थर.
• उष्णतारोधक आणि बाहेरील आवरण: तीव्र ऊन व सावली यांतील तापमानबदल आणि पृथ्वीजवळच्या कक्षेतील आण्विक ऑक्सिजन यांपासून संरक्षण देणारे थर.

कवचाचा स्तर अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४० च्या दशकात सुचवलेल्या कल्पनेचा विस्तार आहे. सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने येणारा कण पहिल्या पातळ थरावर आदळताच फुटतो. त्याचे तुकडे पुढील मोकळ्या जागेत पसरतात आणि पुढच्या थरांवर त्यांचा मारा विखुरला जातो. थरांमध्ये अंतर जितके अधिक, तितके संरक्षण चांगले. प्रक्षेपणाच्या वेळी फोम दाबून ठेवता येतो व नंतर तो फुलतो. त्यामुळे कापडी भिंतीला हे अंतर सहज मिळते. म्हणूनच 'कापड म्हणजे कमकुवत' ही समजूत या बाबतीत खरी ठरलेली नाही.

इतिहास

आरंभीच्या कल्पना

अग्निबाणतज्ज्ञ वर्नर फॉन ब्राउन यांनी १९५२ मध्ये 'कॉलियर्स' या अमेरिकी नियतकालिकात चाकाच्या आकाराच्या, सुमारे ७६ मीटर व्यासाच्या फिरत्या अंतराळ स्थानकाची कल्पना मांडली. ते बळकट नायलॉनच्या कापडाचे असावे आणि वर नेऊन फुगवावे, असे त्यांनी सुचवले होते. १२ ऑगस्ट १९६० रोजी नासाने 'एको १' हा सुमारे ३० मीटर व्यासाचा, धातूचा मुलामा दिलेला फुगा कक्षेत सोडला. त्यात माणसे नव्हती, पण घडी घातलेली मोठी वस्तू अंतराळात फुगवता येते हे त्यातून सिद्ध झाले. १९६१ मध्ये गुडइयर एअरक्राफ्ट कंपनीने नासासाठी सुमारे ७.३ मीटर व्यासाचे, कड्याच्या आकाराचे प्रायोगिक स्थानक जमिनीवर बनवले. उल्काकणांनी त्याला छिद्रे पडतील ही भीती त्या काळच्या साहित्याने दूर करता आली नाही आणि अभियंत्यांचे लक्ष धातूच्या रचनांकडे वळले.

व्होल्गा

माणसाने अंतराळात वापरलेली पहिली फुगवता येणारी खोली सोव्हिएत संघाची होती. 'वोस्खोद २' या यानातील उपकरणे हवेने थंड ठेवली जात. त्यामुळे यानाची मुख्य खोली निर्वात करणे शक्य नव्हते. यावर उपाय म्हणून यानाच्या बाहेर 'व्होल्गा' नावाची कापडी हवाकोंडी बसवली गेली. १८ मार्च १९६५ रोजी ती फुगवून अलेक्सेई लिओनोव तिच्यातून बाहेर पडले आणि सुमारे १२ मिनिटे अंतराळात राहिले. हा मानवाचा पहिला अंतराळपदक्रम होय. परतताना मात्र त्यांचा पोशाख आतील दाबाने फुगून इतका ताठ झाला, की त्यांना हवाकोंडीत शिरता येईना. पोशाखातील हवा थोडी सोडून देण्याचा धोका पत्करून ते आत आले. दाबाने आकार धरणारे कापड किती उपयोगी आणि किती हट्टी असू शकते, हे एकाच दिवशी दिसून आले. काम संपल्यावर व्होल्गा यानापासून वेगळी करून टाकून देण्यात आली.

ट्रान्सहॅब

१९९७ मध्ये नासाच्या ह्यूस्टन येथील जॉन्सन अंतराळ केंद्रात मंगळमोहिमेसाठी 'ट्रान्सहॅब' या दालनाची आखणी सुरू झाली. मधोमध ताठ गाभा आणि त्याभोवती गुंडाळलेली कापडी भिंत अशी त्याची रचना होती. फुगल्यावर व्यास सुमारे ८.२ मीटर आणि घनफळ सुमारे ३४० घनमीटर होणार होते. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे निवासी दालन म्हणूनही त्याचा विचार झाला.

कापडावर माणसांचा जीव सोपवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर मोजमापाने देण्याचा प्रयत्न या प्रकल्पात झाला. १९९८ मध्ये पूर्ण व्यासाच्या नमुन्यावर नेहमीच्या चौपट ताण देण्यात आला आणि तो टिकला. त्याच वर्षाच्या अखेरीस मोठ्या निर्वात कक्षात दालन घडीतून उलगडून दाखवण्यात आले. भिंतीच्या नमुन्यांवर सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने ॲल्युमिनियमच्या गोळ्या झाडण्यात आल्या.

असे असूनही प्रकल्प पुढे गेला नाही. स्थानकाचा वाढता खर्च हा त्या वेळी वादाचा विषय होता. अमेरिकी काँग्रेसने २००० च्या नासाविषयक कायद्यात स्थानकासाठी ट्रान्सहॅब विकसित करण्यास मनाई केली. खासगी उद्योगाने असे दालन बनवल्यास ते भाड्याने घेण्याची वाट मात्र कायद्याने मोकळी ठेवली.

जेनेसिस

हॉटेल व्यवसायातील उद्योजक रॉबर्ट बिगेलो यांच्या नेव्हाडातील बिगेलो एअरोस्पेस या कंपनीने नासाकडून ट्रान्सहॅबच्या पेटंटचे हक्क घेतले. तिची 'जेनेसिस १' (१२ जुलै २००६) आणि 'जेनेसिस २' (२८ जून २००७) ही मानवरहित प्रायोगिक दालने रशियातून द्नेप्र अग्निबाणाने सोडण्यात आली. प्रत्येकाची लांबी सुमारे ४.४ मीटर, फुगल्यावरचा व्यास सुमारे २.५ मीटर आणि घनफळ ११.५ घनमीटर होते. दोन्ही दालने कक्षेत यशस्वीपणे फुगली.

बीम

'बिगेलो एक्स्पांडेबल ॲक्टिव्हिटी मॉड्यूल' या नावाचे लघुरूप म्हणजे बीम. नासाने डिसेंबर २०१२ मध्ये १ कोटी ७८ लाख डॉलरचा करार करून ते बनवून घेतले. ८ एप्रिल २०१६ रोजी स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून ते वर गेले आणि १६ एप्रिलला यांत्रिक बाहूने स्थानकाच्या 'ट्रँक्विलिटी' दालनाला जोडण्यात आले.

२६ मे रोजी ते फुगवण्याचा पहिला प्रयत्न थांबवावा लागला. आतील दाब वाढत होता, पण दालन अपेक्षेप्रमाणे उलगडत नव्हते. ते ठरल्यापेक्षा कित्येक महिने अधिक काळ घट्ट घडीत राहिले होते आणि थरांमधील घर्षण त्याला सोडत नव्हते. आतील दाब कमी करून कापडाला सैल होऊ देण्यात आले. २८ मे रोजी अंतराळवीर जेफ विल्यम्स यांनी सात तासांहून अधिक काळ, थोडी हवा सोडायची आणि थांबायचे, या रीतीने काम केले. झडप एकूण २५ वेळा उघडली गेली आणि ती उघडी राहण्याचा एकूण वेळ केवळ २ मिनिटे २७ सेकंद होता. घडीला बांधून ठेवणारे पट्टे एकेक करून सुटताना आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज येत होता. शेवटी दालनातील टाक्यांमधील हवेने आतला दाब स्थानकाइतका करण्यात आला. ६ जून रोजी विल्यम्स आणि रशियाचे ओलेग स्क्रिपोचका प्रथमच आत गेले.

फुगल्यावर बीमची लांबी सुमारे ४ मीटर, व्यास सुमारे ३.२ मीटर आणि घनफळ १६ घनमीटर झाले. आत मुक्काम करण्याची योजना नव्हती. दोन वर्षे दरवाजा बहुतेक काळ बंद ठेवून उल्काकणांचे आघात, तापमान आणि प्रारण यांची नोंद संवेदकांनी घ्यायची, एवढाच हेतू होता. वैश्विक किरणांची मात्रा स्थानकाच्या इतर दालनांच्या जवळपास असल्याचे आढळले. दालनाची स्थिती चांगली राहिल्याने त्याची मुदत वाढवण्यात आली आणि त्याचा उपयोग सामान ठेवण्याची खोली म्हणून होऊ लागला.

दालन टिकले, परंतु ते बनवणारी कंपनी टिकली नाही. मार्च २०२० मध्ये बिगेलो एअरोस्पेसने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. डिसेंबर २०२१ मध्ये बीमची मालकी नासाकडे गेली.

मर्यादा आणि अडचणी

• सततच्या ताणाखाली धागे वर्षानुवर्षे अत्यल्प प्रमाणात लांबत राहतात आणि अखेर तुटू शकतात. दहा-पंधरा वर्षांच्या वापराची खात्री काही महिन्यांच्या चाचणीवरून द्यावी लागते, हे या क्षेत्रातील अवघड काम आहे.
• दरवाजे, खिडक्या आणि जोडणीची कडी धातूचीच असतात. कापड व धातू यांच्या सांध्यावर ताण एकवटतो.
• धातूच्या दालनात यंत्रे, वायुनलिका आणि तारा जमिनीवरच बसवता येतात. कापडी दालनात गाभ्याबाहेरील बहुतेक मांडणी अंतराळवीरांना वर गेल्यावर करावी लागते.
• घडी किती काळ राहिली यावर उलगडणे अवलंबून असते, हे बीमच्या पहिल्या प्रयत्नाने दाखवले.

भिंतीला छिद्र पडल्यास दालन फुग्यासारखे फुटेल, ही भीती सर्वसामान्य आहे. आतबाहेरील दाबाचा फरक फार तर एका वातावरणाइतका असतो आणि ताण पेलणारी वीण फाट पसरू देत नाही. त्यामुळे लहान छिद्रातून हवा हळूहळू गळते आणि माणसांना बाहेर पडून दरवाजा बंद करण्यास वेळ मिळू शकतो.

चंद्र आणि मंगळ

चंद्रावर किंवा मंगळावर असे दालन फुगवून त्यावर तेथील मातीचा थर रचल्यास प्रारण व उल्काकण या दोहोंपासून संरक्षण मिळेल, अशी कल्पना आहे. नासाने २००८ मध्ये अंटार्क्टिकावरील मॅकमर्डो तळाजवळ एका फुगवता येणाऱ्या निवाऱ्याची चाचणी घेतली. तो अपोलो अंतराळवीरांचे पोशाख बनवणाऱ्या आयएलसी डोव्हर या कंपनीने तयार केला होता.

सद्यस्थिती

अमेरिकेतील सिएरा स्पेस ही कंपनी 'लाइफ' नावाचे मोठे दालन विकसित करत आहे. तिच्या पूर्ण आकाराच्या नमुन्यात मुद्दाम फुटेपर्यंत दाब वाढवण्यात आला. त्याचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. तो नमुना सुमारे ५३० किलोपास्कल दाबाला फुटला. नासाच्या शिफारशीनुसार चौपट सुरक्षिततेसाठी सुमारे ४२० किलोपास्कल पुरेसे होते. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये सोडलेल्या 'शिजियान १९' या उपग्रहावर एका फुगवता येणाऱ्या हवाबंद दालनाची कक्षेतील चाचणी घेतली.

बीमने कापडी भिंत अंतराळात वर्षानुवर्षे हवा धरून ठेवू शकते हे दाखवले आहे. तथापि अशा दालनात माणसांनी दीर्घकाळ मुक्काम करण्याचा टप्पा अद्याप गाठला गेलेला नाही.