संगणकाला पाणी पाजण्याची गोष्ट

आमच्या गोंदियात मे महिन्यात दोनच गोष्टी थंड असतात. एक माठातलं पाणी आणि दुसरा बँकेतला सर्व्हर. मी बँकेत लागलो तेव्हा शाखेत एसी नुकताच आला होता, पण तो आमच्यासाठी नव्हता, ग्राहकांसाठीही नव्हता. काचेच्या एका खोलीत तो सर्व्हर नावाचा गृहस्थ एकटा बसायचा आणि बाहेर आम्ही बारा जण पंख्याखाली व्हाउचरं उडू नयेत म्हणून त्यांवर पेपरवेट ठेवून घाम पुसायचो. कुणाला फारच झालं तर तो काहीतरी निमित्त काढून सर्व्हरची चौकशी करायला आत जाई. इतकी चौकशी आमच्या शाखेत आजारी माणसाचीही कधी झाली नाही.

तेव्हा संगणकाला थंडावा लागतो हे ज्ञान मला वीस वर्षांपासून होतं. पण हा थंडावा माझ्याच खिशातून जाईल, हे मात्र गेल्या उन्हाळ्यात कळलं.

झालं असं. आमचे चिरंजीव घरी बसून संगणकावर हलती चित्रं बनवतात. नागपूरच्या एका स्टुडिओनं त्याला चार मिनिटांच्या फिल्मचं काम दिलं होतं. ३१ मेपर्यंत फिल्म पोचली तर पुढचं काम घरी बसून, नाहीतर सरळ पुण्याला जाऊन नोकरी शोधायची, असा त्यानं स्वतःशीच ठराव केला होता. आमची ही यावर काही बोलत नव्हती. फक्त रोज संध्याकाळी देवापुढे जरा जास्त वेळ बसत होती. आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो संगणक रोज दुपारी दोन वाजता आपोआप बंद पडायला लागला. बाहेर ४४ अंश. प्रोसेसर नावाचा जो आगपेटीएवढा चौकोन असतो तो १०० अंशांवर गेला की स्वतःचं भलं ओळखून काम थांबवतो. आमच्या बँकेत अशी सोय असती तर!

एके सकाळी चिरंजीवांनी माझ्यापुढे कागद ठेवला. वॉटरब्लॉक ८,५०० रुपये, पंप टाकीसकट १२,०००, रेडिएटर दोन ९,०००, फिटिंग बारा नग ६,०००, नळी १,२००, द्रव १,७००. एकूण ३८,४००. बेरीज मी दोनदा तपासली. दुर्दैवानं बरोबर होती.

"द्रव म्हणजे?" मी विचारलं.

"पाणीच आहे बाबा. जरा वेगळं."

सतराशे रुपयांचं पाणी! एवढ्यात आमच्या घरी पूर्वी वर्षभर नळ यायचा.

मी कॉमर्सचा पदवीधर. न वाचता सही करत नाही. म्हणून रजा टाकून मी या विषयाचा इतिहास वाचायला बसलो. आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली की हा विषय मुळात माझ्याच खात्याचा आहे. उष्णता कधी नष्ट होत नाही, ती फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. प्रोसेसरच्या नावे टाकायची, पाण्याच्या खाती जमा. पाण्याच्या नावे टाकायची, हवेच्या खाती जमा. साधी ट्रान्सफर एन्ट्री. हवा हे सस्पेन्स खातं, तिथं गेलेलं पुढे कुठं जातं ते कुणी विचारत नाही. घरात त्या सस्पेन्स खात्यात मी बसलेला असतो, एवढाच फरक.

इतिहास असा आहे. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक नावाचा संगणक लोकांपुढे आला. त्यात सतरा हजारांवर व्हॉल्व्ह होते आणि तो १५० किलोवॅट वीज खायचा. व्हॉल्व्ह म्हणजे शेवटी तापलेली तारच. त्यावर मोठमोठे पंखे लावून वारा घातला जाई, सरदारावर चवऱ्या ढाळाव्यात तसा. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक उभा राहिला, त्याला पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी टिफ्रॅक हे नाव दिलं. त्यातही सत्तावीसशेच्या आसपास व्हॉल्व्ह होते. मुंबईच्या दमट हवेत ही भट्टी सांभाळणाऱ्यांना माझा नमस्कार.

मग व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, लोकांना वाटलं सुटलो. पण संगणकाचं सरकारी पगारासारखं आहे. जितकी बचत, तितका खर्च वाढतो. छोट्या जागेत जास्त भाग कोंबले गेले आणि वाऱ्यानं भागेना. १९६० च्या दशकातच आयबीएम कंपनीनं आपल्या मोठ्या यंत्रांत पाणी खेळवायला सुरुवात केली. १९८० साली तिनं ३०८१ नावाचं यंत्र जाहीर केलं, त्यातली युक्ती मला फार आवडली. शंभरेक चिप एका चिनी मातीच्या पाटावर मांडायच्या, प्रत्येकीच्या पाठीवर स्प्रिंगनं दाबलेला एकेक दट्ट्या, मधल्या फटीत हेलियम वायू, आणि वर थंड पाण्याचं झाकण. म्हणजे पाठीवर हात ठेवून "शांत हो, शांत हो" म्हणणारा एकेक माणूस प्रत्येकीला नेमून दिलेला. हे यंत्र आलं तेव्हा आयबीएमनं भारतातलं बिऱ्हाड १९७८ सालीच आवरलेलं होतं.

सेमूर क्रे नावाच्या माणसानं तर कमाल केली. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकात त्यानं सगळी मंडलंच एका द्रवात बुडवून टाकली, लोणच्याच्या फोडी तेलात बुडवतात तशी. तो द्रव विजेला वाट देत नाही, म्हणून हे जमलं. घरी करून बघू नये. याच क्रे घराण्यातला एक्स-एमपी हा थोडा जुना संगणक भारताला हवामानाच्या अंदाजासाठी मिळाला, तोही हवा होता त्यापेक्षा कमी ताकदीचा, आणि १९८९ साली दिल्लीत सुरू झाला. तोवर १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघालं होतं आणि १९९१ साली तिथं परम ८००० तयार झाला. त्याचे कर्ते विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, शिकले नागपूरला. हे मी चिरंजीवांना दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, "बाबा, भटकरसर पुण्याला गेले म्हणून जमलं ना." मी विषय बदलला.

पाणी मध्ये काही वर्षं मागे पडलं. १९९० च्या दशकात कमी तापणाऱ्या चिप आल्या आणि मोठी यंत्रं पुन्हा वाऱ्यावर आली. पण या शतकात तीही तापायला लागली, आणि गेलेलं पाणी परत आलं. २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत बसवलेला परम ब्रह्म द्रवानंच थंड होतो.

घरगुती संगणकांची गोष्ट मात्र मला जवळची वाटली. १९९० च्या दशकाच्या शेवटी परदेशातली काही पोरं संगणक ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायच्या नादी लागली. बाजारात तयार सामान नव्हतं. त्यांनी काय केलं? माशांच्या टाकीचा पंप आणला. भंगारातल्या मोटारीतून हीटरचा छोटा रेडिएटर काढला. तांब्याचा तुकडा घरीच कोरला. झालं काम! हे वाचून मी ताडकन उठलो.

"अरे, कूलरची मोटर दोनशे ऐंशीला मिळते! बारा हजार कशाला?"

चिरंजीवांनी शांतपणे सांगितलं की वॉटरब्लॉकच्या आत केसासारख्या बारीक फटी असतात, त्यांतून पाणी ढकलायला जोर लागतो. कूलरची मोटर पाणी ताट्यांवर नुसतं सोडते, ढकलत नाही. "शिवाय ती २३० व्होल्टवर पाण्यात बसते. हा पंप १२ व्होल्टवर चालतो."

बारा हजार मंजूर. पण मी हरलो नव्हतो. मी अर्ध्या किमतीत ॲल्युमिनियमचा रेडिएटर शोधून काढला. तोही नामंजूर झाला. वॉटरब्लॉक तांब्याचा, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि दोघांत एकच पाणी, म्हणजे भाऊबंदकी. विजेची बारीकशी देवघेव सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

इथपर्यंत आमचे वडील कोपऱ्यातल्या खाटेवर पडून होते. त्यांना सगळा मोहल्ला आबाजी म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. ऐकू कमी येतं, आणि आई गेल्यापासून बोलणं त्याहून कमी. त्यांची सारी उमेद एका राईस मिलमध्ये इंजिनं सांभाळण्यात गेली. गोंदियात आधी धान येतो, मग माणूस येतो, आणि त्या काळी मिलला वीज पुरत नसे, तेव्हा तेलावरचं इंजिन चाले.

ते एकदम उठून बसले आणि नातवाला म्हणाले, "काहून बाबू, यातली हवा कुठून काढशीन?"

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघतच राहिलो. मग आबाजींनी कागद मागून घेतला आणि माझ्या बेरजेच्या पाठीवर मिलच्या इंजिनाचं चित्र काढलं. इंजिनाशेजारी पाण्याचा मोठा ड्रम. इंजिनाच्या अंगातून तापलेलं पाणी वरच्या नळीनं ड्रममध्ये चढायचं, थंड झालेलं खालच्या नळीनं परत यायचं. पंप नव्हताच. गरम पाणी हलकं, ते आपणच वर जातं. पण नळीत हवेचा बुडबुडा अडकला की सगळं ठप्प, आणि इंजिन तापून बसायचं. "टाकी सगळ्यात वर ठेव. हवा वरतीच पळते. अन् बोअरचं पाणी नको घालू, क्षार धरते." टाकी पंपाच्या वर असावी आणि साधं पाणी वापरू नये, हे दोन्ही नियम चिरंजीवांनी आठ दिवस वाचून मिळवले होते.

मग खरा पेच निघाला, आणि तोही आबाजींनीच काढला. "बाहेरची हवा पंचेचाळीस. पाणी त्याच्या खाली कसं जाईन?"

जात नाहीच. रेडिएटर कितीही महाग घ्या, त्यातलं पाणी भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत नाही. जगातल्या सगळ्या पुस्तकांत खोली पंचवीस अंशांची धरलेली. आमच्या तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा वीजप्रकल्प वैनगंगेचं पाणी पिऊन वाफ थंड करतो, त्याला नदी आहे. आम्हांला नळ, तोही एक दिवसाआड.

पण विदर्भाकडे कूलर आहे! ओल्या ताट्यांतून वारा आला की पाणी उडतं, उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि ४४ ची हवा २९-३० होऊन घरात येते. इंग्रज साहेबांच्या बंगल्यांवर वाळ्याच्या ताट्यांवर माणूस पाणी शिंपडायचा, त्याच विद्येला पुढे मोटर बसली. मात्र कूलर संगणकावर सोडता येत नाही. त्यातून धूळ येते, दमटपणा येतो, ताटी जुनी असली तर तुषारही येतात. तेव्हा संगणक खोलीच्या त्या टोकाला ठेवायचा, दोन मीटर नळी टाकायची आणि रेडिएटर कूलरच्या तोंडासमोर टांगायचा. उष्णता पाण्यात बसून कूलरपर्यंत चालत जाईल. रेडिएटर हवेपेक्षा नेहमी गरमच राहणार, म्हणून त्यावर दव धरण्याचीही भीती नाही. पाणी कशाला लागतं हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं.

फक्त घरात मोठा कूलर एकच होता. आणि तो आमच्या खोलीत होता.

सामान आलं. जोडणी झाली. संगणक बंद ठेवून नुसता पंप चोवीस तास चालवायचा आणि कुठं पाणी मुरतंय ते बघायचं, अशी रीत आहे. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र पसरलं. मी वहीत रकाने आखले: वेळ, जोड क्रमांक, शेरा, सही. रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी जोड क्रमांक सातवर एक थेंब दिसला. चिरंजीवांचा चेहरा उतरला. आबाजींनी टॉर्च धरून पाहिलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "कोणं पाना लावला इथं?"

पाना मी लावला होता. मजबुती यावी म्हणून. आतलं रबराचं कडं त्यामुळे पिळून निघालं होतं.

"हातानं आवळायचं असते," आबाजी म्हणाले. मी शेऱ्याच्या रकान्यात 'कर्मचाऱ्याची चूक' असं लिहून सही केली.

कडं बदललं, पुन्हा चोवीस तास. १० मेच्या दुपारी दोन वाजता आम्ही तिघं पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होतो. बाहेर ४५. प्रोसेसर ७८ वर जाऊन थांबला तो तिथंच राहिला. अडीच वाजले, तीन वाजले. स्वयंपाकघरातून हिनं दोनदा विचारलं, "चालू आहे का रे?" आणि तिसऱ्यांदा पन्हं घेऊन आली, तेही आधी त्याला.

फिल्म २९ तारखेला गेली. चार दिवसांनी स्टुडिओचा निरोप आला, दिवाळीपर्यंतचं काम आहे. दिवाळीनंतरचं अजून कुणी बोललेलं नाही आणि मीही विचारत नाही. आबाजी रोज सकाळी चहाच्या आधी टॉर्च घेऊन टाकीतलं पाणी बघतात आणि नातवाला मिलच्या गोष्टी सांगतात, त्यांतल्या निम्म्या मी पहिल्यांदाच ऐकतो आहे. दुपारी बँकेतून जेवायला आलो की मीही ताट घेऊन त्याच खोलीत बसतो. कुणी विचारलं तर सांगतो, संगणकाची चौकशी करायला आलोय.