गाळा महालात की गावात? उद्योगाच्या अनुदानात १० टक्क्यांचा फरक

धंदा टाकायचा म्हटलं की जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यातल्या माणसाची नजर आधी नागपूरच्या महालाकडे जाते. बडकस चौक, केळीबाग रोड, बारा महिने गिऱ्हाईक. पण सरकारी अनुदानावर उद्योग काढायचा असेल तर गाळ्याचा ॲडव्हान्स देण्याआधी थोडं थांबलेलं बरं. अनुदानाची टक्केवारी अर्जदार कुठे राहतो यावर ठरत नाही, उद्योग कुठे उभा राहतो यावर ठरते.

केंद्राचा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. त्यात उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. खुल्या गटाला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. ग्रामीण म्हणजे ग्रामपंचायतीची हद्द. महाल महानगरपालिकेत, म्हणून शहर. काटोल, उमरेड नगर परिषदेत, तेही शहरच. हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

समजा भिवापूर तालुक्यातल्या एका बाईला मिरची कांडप आणि मसाल्याचा १० लाखांचा प्रकल्प टाकायचा आहे. गावात टाकला तर अनुदान साडेतीन लाख, महालात टाकला तर अडीच लाख. स्वतःचे ५ टक्के म्हणजे ५० हजार दोन्हीकडे लागतात (खुल्या गटातल्या पुरुषाला १० टक्के). वरून महालातलं भाडं वेगळं. मसाला गावात दळून महालात विकायला कोणी अडवत नाही.

आता लोक फसतात ती जागा. हे साडेतीन लाख हातात येत नाहीत. बँक आधी साडेनऊ लाखांचं पूर्ण कर्ज मंजूर करते. अनुदान बँकेत येऊन ३ वर्षं अर्जदाराच्या नावे अडकून राहतं. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावतही नाही. ३ वर्षांनी उद्योग चालू आहे का, याची प्रत्यक्ष पाहणी होते, मग ती रक्कम कर्जात वळती होते. यंत्रं विकून टाकली, शटर बंद दिसलं, तर अनुदान परत जातं आणि कर्ज डोक्यावर राहतं. अनुदान मिळालं म्हणून ट्रॅक्टरचा हप्ता फेडू, असा हिशेब कोणी करू नये.

जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. आधीच चालू असलेल्या उद्योगाला हे पहिलं कर्ज मिळत नाही, म्हणून यंत्र घेण्याआधी अर्ज. नवरा-बायकोपैकी एकालाच लाभ. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ मध्ये आला, त्याचीही टक्केवारी अशीच आहे. दोन्हीकडून अनुदान घेता येत नाही.

महालातच बसायचं असेल आणि धंदा खाण्याच्या वस्तूंचा असेल, तर कृषी विभागाकडची प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना पाहावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शहर-खेडं आणि जात-गट न पाहता ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. जुन्या पापड, लोणचं, मसाला उद्योगालाही चालते. अर्ज भरून देण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिला सरकार मानधन देते. तिला वेगळे पैसे द्यायचं काम नाही.

किराणा, चहाचं दुकान अशा छोट्या धंद्याला मुद्रा. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख. तरुण कर्ज नीट फेडणाऱ्याला २०२४ पासून २० लाखांपर्यंत. पण हे निव्वळ कर्ज आहे. ‘मुद्रात सबसिडी काढून देतो’ म्हणणारा दिसला की आधार कार्डाची झेरॉक्स खिशातच ठेवावी.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सूक्ष्म उद्योगाच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही. सातबारा गहाण मागितला तर ते लेखी मागावं. तोंडी नकारावर अर्ज सोडून घरी येऊ नये, नाकारल्याचं कारणही लेखीच घ्यावं.

रोजगार निर्मितीचे अर्ज ऑनलाइन भरतात, फी नाही. जिल्हा उद्योग केंद्र सिव्हिल लाइन्समधल्या उद्योग भवनात आहे. केंद्राच्या वरील दोन्ही अनुदान योजनांची मान्यता २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची होती, तेव्हा पुढचे आदेश आणि मर्यादा तिथे विचारूनच कोटेशन काढावं.