सत्तांतराची रीत आणि कायदा

निवडणूक ही लोकशाहीची अर्धी परीक्षा होय. उरलेली अर्धी मतमोजणीनंतर सुरू होते. हरलेला पक्ष सत्ता सरळपणे सोडतो की नाही आणि जिंकलेला ती किती लवकर हाती घेतो, हे तेव्हा कळते. आम्हां बेने इस्राएलांना १९७७ साली ही परीक्षा दोन महिन्यांच्या अंतराने आपल्या दोन्ही देशांत पाहावयास मिळाली. २४ मार्च रोजी दिल्लीत काँग्रेसची स्वातंत्र्यापासूनची सत्ता संपून, एकेकाळी आमच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. १७ मे रोजी येथे मजूर पक्षाची आघाडी १९७३ च्या ५१ जागांवरून ३२ वर घसरली व मेनाहेम बेगिन यांचा लिकूद ४३ जागा मिळवून पहिला आला. हिब्रूत या घटनेस 'महापाख' म्हणजे उलथापालथ म्हणतात. तथापि रस्त्यावर काहीही उलथले नाही. २९ वर्षे राज्य केलेला पक्ष मुकाट्याने विरोधी बाकांवर जाऊन बसला.

दिल्लीत निकालानंतर काही दिवसांतच नवा पंतप्रधान आला. येथे मात्र बेगिन यांचे मंत्रिमंडळ जून महिन्याच्या उत्तरार्धात सत्तेवर आले. याचे कारण उघड आहे. क्नेसेतच्या १२० पैकी ६१ जागा आजवर कोणत्याही एका पक्षास निवडणुकीत मिळालेल्या नाहीत. यास्तव १९४९ च्या संक्रमण कायद्यापासून अशी पद्धत पडली की, राष्ट्राध्यक्षांनी सर्व पक्षांशी विचारविनिमय करून एका सभासदावर सरकार बनविण्याचे काम सोपवावे. नवे सरकार येईतो जुने चालू राहते; देश एक दिवसही सरकारविना राहू नये, हा हेतू. या नियमाचा एक विलक्षण परिणाम १९७७ च्या एप्रिलात दिसला. यित्झाक राबिन यांच्या सरकारने आधीच राजीनामा दिलेला होता. काळजीवाहू पंतप्रधानास पुन्हा राजीनामा देता येईना, म्हणून ते रजेवर गेले आणि कारभार शिमोन पेरेस यांनी पाहिला !

सरकार जुळविण्याच्या घासाघिशीत कोणते खाते कोणाकडे जाते, ही आपल्यासारख्या लहान समाजासाठी दूरची गोष्ट नव्हे. आपल्या विवाहांच्या नोंदणीबाबत रब्बी मंडळाने घातलेल्या अटींविरुद्ध आपल्या लोकांना दीर्घकाळ झगडावे लागले. धार्मिक पक्ष त्या वेळी सत्तेतील भागीदार होते. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये सरकारने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले.

१९९० साली या घासाघिशीने कळस गाठला. मार्चमध्ये अविश्वासाच्या ठरावाने शामीर यांचे सरकार पडले. पेरेस यांची जुळवाजुळव आयत्या वेळी दोन सभासद फिरल्याने फसली आणि जूनमध्ये शामीर पुन्हा पंतप्रधान झाले. लोक संतापून रस्त्यावर आले. त्यातून मार्च १९९२ चा कायदा जन्मला : पंतप्रधान जनतेने थेट निवडावा. १९९६ पासून मतदारास दोन चिठ्ठ्या मिळू लागल्या, एक पंतप्रधानासाठी व एक क्नेसेतसाठी.

औषध रोगाहून जड ठरले. पंतप्रधानासाठी मोठ्या पक्षाचा उमेदवार निवडल्यावर दुसरी चिठ्ठी आपल्या आवडीच्या लहान पक्षास देण्यास लोक मोकळे झाले. १९९२ साली मजूर व लिकूद यांच्या मिळून ७६ जागा होत्या. १९९९ मध्ये त्या ४५ वर आल्या आणि क्नेसेतमध्ये १५ याद्या शिरल्या. जनतेने निवडलेल्या पंतप्रधानास पूर्वीपेक्षा अधिक भागीदारांचे आर्जव करावे लागले. २००१ च्या फेब्रुवारीत अरिएल शारोन याच पद्धतीने निवडून आले आणि मार्चमध्ये क्नेसेतने ती रद्द केली. नव्या कायद्याने सरकार बनविण्यास २८ दिवस व फार तर १४ दिवसांची वाढ अशी मुदत घातली. २०१४ साली पर्यायी सरकार पुढे केल्याविना अविश्वासाचा ठराव संमत होऊ नये, असेही ठरले. इतके करूनही एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात देशास पाच निवडणुका सोसाव्या लागल्या.

या इतिहासातील एक तुलना आम्हांस फार बोधप्रद वाटते. १९८४ साली पेरेस व शामीर यांनी पंतप्रधानपद दोन-दोन वर्षे वाटून घेण्याचा करार केला. त्यास कायद्याचा आधार नव्हता; तरीही ऑक्टोबर १९८६ मध्ये पेरेस यांनी शब्द पाळून खुर्ची सोडली. २०२० साली अशाच वाटणीसाठी मूलभूत कायदाच दुरुस्त करण्यात आला. परंतु अंदाजपत्रक संमत न झाल्याने वर्षअखेर क्नेसेत विसर्जित झाली आणि बेनी गांत्स यांची पाळी आलीच नाही.

कायद्यात सुधारणा अवश्य व्हाव्यात. मुदती नसत्या तर घासाघीस अधिकच लांबली असती. परंतु शब्द मोडणाऱ्यास मतदाराचे भय नसेल, तर कोणतेही कलम पुरे पडत नाही. म्हणून मत मागण्यास दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास आपल्या वाचकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : निकालानंतर तुम्ही कोणाबरोबर बसणार आणि कोणत्या अटींवर ?