मागच्या डब्याचा ब्रेक

नागपूरच्या सदर भागातून कडबी चौकाकडे गेले की जवळच मोतीबागेचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. २००२ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात विद्यार्थी साहजिकच इंजिनांकडे धावतात. आम्ही शिक्षकांना सुचवू की त्यांना दोन डब्यांमधील जोडाजवळ न्यावे आणि विचारावे : इंजिन थांबले तर मागचे डबे कोण थांबवते? आणि जोडच तुटला तर?

सुरुवातीच्या आगगाड्यांत इंजिनाला व मोजक्या डब्यांनाच ब्रेक असत. चालकाने शिटी दिली की ब्रेकवाले हाताने चाक फिरवून ते आवळत. सपाटीवर हे चालून जाई. पण १८६३ साली सुरू झालेल्या भोर घाटातील रेल्वेमार्गावर सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर असा होता. अशा उतारावर सुटलेल्या डब्याचे त्वरण, घर्षण वगळल्यास, ९.८ भागिले ३७, म्हणजे सुमारे ०.२६ मीटर प्रति सेकंद वर्ग होते. एका मिनिटात त्याचा वेग ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास जाईल! म्हणूनच घाटात सुटलेली गाडी चढावर वळवून थांबवणारे खास फाटे बांधावे लागले.

फाटा हा अखेरचा उपाय झाला. खरा उपाय प्रत्येक डब्यातच हवा होता. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ साली हवेच्या दाबाचा ब्रेक आणला. त्यात इंजिनाकडून नळीत हवा सोडली की ब्रेक लागे. मात्र नळी तुटली की ब्रेकही गेला. १८७२ साली त्यांनी हे तत्त्व उलटे केले. प्रत्येक डब्यात दाबाखालील हवेची टाकी ठेवली आणि नळीतील दाब घटला की ब्रेक लागावा अशी झडप बसवली. आता नळी तुटणे हीच थांबण्याची आज्ञा ठरली.

उपाय ठाऊक होता, पण सक्ती नव्हती. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे दोन भाग केले गेले. तिचा निर्वात ब्रेक साध्या प्रकारचा होता. नळी सुटताच मागील डब्यांना उरला फक्त गार्डचा हातब्रेक आणि चाकांखालचे दगड. डबे मागे घसरले व मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण दगावले, त्यांत अनेक मुले होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना स्वयंचलित अखंड ब्रेक कायद्याने सक्तीचा झाला.

भारतात स्वयंचलित निर्वात ब्रेक दीर्घकाळ वापरात होता. त्याला एक नैसर्गिक मर्यादा आहे : वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक बल त्याला मिळूच शकत नाही. नळीतील ५१० मिलिमीटर निर्वाताचा अर्थ प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ०.७ किलोग्रॅम भार. हवेच्या ब्रेकमध्ये तो ३.८ पर्यंत जातो. लांब व जड मालगाड्यांसाठी १९८०च्या दशकापासून भारतीय रेल्वे हवेच्या ब्रेककडे वळली, ती यामुळेच.

मोटारीमागे नाव वाहून नेणाऱ्या ट्रेलरलाही हाच धडा लागू आहे. त्याला स्वतःचा ब्रेक हवा आणि जोड सुटताच तो लावणारी तारही हवी. नाव उतरवताना चाके पाण्यात जातात. तापलेला तुंबा अचानक थंड होऊन आतील हवा आकुंचन पावते व पाणी आत खेचले जाते. म्हणून असे ट्रेलर गोड्या पाण्याने धुवावे, वंगण तपासावे आणि त्या तारेची परीक्षा वेळोवेळी घ्यावी. आर्माचे डबे जोडलेले असेपर्यंत त्यांचा ब्रेकही ठीकच होता.