मागच्या चाकातील टकटक

वैशाख-ज्येष्ठात जयपूरच्या सिव्हिल लाइन्सवर धुळीची वादळे उठली म्हणजे बारीक वाळू बंद कपाटातही शिरते. मग सायकलीचे मागचे चाक तिच्यापासून कसे सुटावे? एखाद्या सकाळी पायडल फिरते, साखळी फिरते, पण चाक जागचे हलत नाही. पाय स्थिर ठेवल्यावर ऐकू येणारी परिचित टकटकही बंद पडलेली असते. नवा भाग घालावा, असा सल्ला मग मिळतो. परंतु दोष बहुधा फ्रीव्हीलमधील दोन चिमुकल्या खिट्ट्यांत असतो, आणि त्या खिट्ट्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल तयार केली. साखळीने ओढले जाणारे मागचे चाक ही आजची ठेवण तिच्यामुळे रूढ झाली. मात्र ते चाक साखळीशी जखडलेले असे. चाक फिरे तोवर पायडलही फिरत राही. उतार लागला की स्वार पाय उचलून पुढच्या चिमट्यावरील खुंट्यांवर ठेवी.

त्याच काळात ही नवलाईची वस्तू बेळगावात पोचली. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ साली तेथे निघालेल्या सायकलीच्या दुकानापासून मानला जातो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांचा हा उद्योग. सायकल विकावयाची तर ती दुरुस्तही करता आली पाहिजे, आणि दुरुस्त करावयाची तर खोलून पाहिली पाहिजे. यंत्राला न भिणाऱ्या त्याच हातांतून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर निघाले, व १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली.

चाक साखळीपासून मोकळे करण्याची युक्ती मात्र 'रोव्हर'हूनही जुनी. अमेरिकेत विल्यम व्हॅन अँडन यांनी १८६९ सालीच तिचे पेटंट घेतले होते. तरीही ती सर्वत्र पसरण्यास सुमारे तीस वर्षे लागली. याचे एक कारण उघड आहे. जखडलेले चाक पायांनी रोखता येई. मोकळे चाक रोखण्यास चांगला ब्रेकच हवा. ब्रेक सुधारले, तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीव्हील सर्रास बसू लागले.

त्याची रचना साधी आहे. बाहेरच्या कड्याला आतून दाते असतात. आतल्या भागावरील खिट्ट्या बारीक स्प्रिंगांनी त्या दात्यांवर टेकतात. पायडल पुढे मारले की खिट्ट्या दात्यांत अडकून चाक ओढतात; पाय थांबले की त्या दात्यांवरून घसरतात, आणि टकटक होते. धूळ व जुने ग्रीस यांचा चिकटा झाला की खिट्ट्या वर उठत नाहीत, आणि पायडल पोकळ फिरते. उलट, पाय थांबले असताही साखळी पुढे ढकलली जात असेल, तर फ्रीव्हील आवळले आहे असे समजावे. चाकच डगमगत असेल, तर आधी आसाचे कोन तपासावेत.

प्रथम चाक काढून आडवे ठेवावे, फटीत रॉकेल सोडावे आणि कडे फिरवीत राहावे. पुष्कळदा एवढ्याने काम भागते. न भागल्यास झाकण उघडावे लागते. येथे अनेकजण फसतात, कारण त्याचे आटे उलटे असतात. नेहमी आवळतो त्या दिशेने फिरविले की ते सुटते. हे काम परातीवर करावे, नाहीतर बारीक छर्रे घरभर पसरतात. ते मोजून ठेवावेत, स्प्रिंग तुटली आहे का ते पाहावे, आणि शेवटी पातळ तेल द्यावे; जाड ग्रीसने खिट्ट्या पुन्हा चिकटतात.

गिअर वाढले तसे फ्रीव्हीलही रुंद झाले, उजवीकडचे बेअरिंग आत राहिले आणि आस वाकू लागले. खिट्ट्यांचा भाग तुंब्यालाच जोडून बेअरिंग टोकाशी नेणे, हा त्यावरचा उपाय. जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ साली आणलेल्या अशा फ्रीहबनंतर तो जगभर रूढ झाला. हा भाग बहुधा न उघडता समूळ बदलतात. त्यात वेळ वाचतो, हे खरे. परंतु बिघाड कशाने झाला, हे कळावयाचे राहून जाते. बेळगावच्या त्या दुकानापासून पुढे जे घडले, त्याच्या मुळाशी हेच कळून घेणे होते.