लातूर पॅटर्न
लातूर पॅटर्न : अकरावी-बारावीच्या अध्यापनाची लातूरमधील पद्धत. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे व अनिरुद्ध जाधव यांच्या काळात ती आकाराला आली. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग उजळणी आणि प्रश्नपत्रिकांचा कसून सराव, हा तिचा गाभा. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वैद्यकीय व अभियांत्रिकीची दारे तिने उघडली, हे श्रेय मोठे आहे. पाठांतरावर भर असल्याचा आक्षेपही तितकाच खरा. २०१७ पासून राज्यातील वैद्यकीय प्रवेश ‘नीट’ या देशपातळीवरील प्रवेशपरीक्षेवर होऊ लागले आणि खासगी शिकवणी वर्गांचे वजन वाढले. नांदेड जिल्ह्यातल्या केळी-हळदीच्या अर्धापूर तालुक्यातली मुलेही या वर्गांसाठी नांदेड-लातूर गाठतात. इकडे महाविद्यालयांतले तास ओस पडतात. प्रयोगशाळेत घालवायचा वेळ सरावपरीक्षांनी खाल्ला, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे नुकसान.